कॉम्प्युटर रूमच्या दाराशी

कॉलेजच्या ग्रुपवर सूचना आली होती: मुलाखतीला फॉर्मल कपडे आणि काळे बूट. कपड्यांचं जमलं. पांढरा शर्ट वर्गातल्या मैत्रिणीनं दिला, काळी पँट माझीच होती. पायात घालायला मात्र माझ्याकडे एक पट्टा शिवून घेतलेली सँडल आणि पावसाळी चप्पल, एवढंच. मी ताईला म्हटलं, सँडल चालून जाईल. ताईनं पलंगाखालून एक खोका ओढून काढला.

"हे घाल. नवेच हायेत. अजून वास गेला नाही त्याचा."

खोक्यात सेफ्टी शूज होते. चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांना वर्षाला एक जोड मिळतो. जाड काळं चामडं, जाड तळवा, आणि पुढे बोटांवर आतून लोखंडी वाटी, म्हणजे वरून काही पडलं तरी बोटं शाबूत राहतात. ताई जुना जोड पार उलेपर्यंत वापरायची आणि नवा जपून ठेवायची. आमच्या गावाकडची चाकणला आलेली पोरं हेच बूट पॉलिश करून लग्नांत घालतात. त्यामुळे आपण काही चुकीचं करतोय असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही. ताईनं वर्तमानपत्रावर बूट ठेवून असे चमकवले की त्यात बल्ब दिसायला लागला.

"चालून दाखव," ती म्हणाली.

मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खालच्या घरमालकीणबाईंनी खालून छतावर काहीतरी आपटून आवाज बंद करायला सांगितलं.

"पाय जरा हळू टाक," ताई म्हणाली. "बाकी चांगली दिसायलीस."

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. बारावीनंतर ती आमच्या तालुक्याच्या गावाहून चाकणला आली, ट्रेनी म्हणून कंपनीत लागली आणि टिकून राहिली. गाडीच्या आतून ज्या वायरी फिरतात त्यांची जुडगी बांधायचं तिचं काम. माझं बी.कॉम. गावाकडच्याच कॉलेजात झालं. घरात पदवी मिळवणारी मी पहिली. पुढे एम.बी.ए.ला आकुर्डीच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ताईची खोली होती. ती पहाटे पहिल्या शिफ्टच्या बसला जायची, मी मागाहून तळवड्यावरून निगडी आणि निगडीहून आकुर्डी. आमचं बोलणं व्हायचं ते संध्याकाळी, गॅसपाशी.

एम.बी.ए.चं पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप करावी लागते. जागा ज्यानं त्यानं शोधायची. वर्गात बऱ्याच जणांना कुणी मामा होते, कुणाच्या वडिलांचे मित्र होते. मला ताई होती, आणि ताईच्या कंपनीत टाइम ऑफिस होतं. कामगारांची हजेरी, रजा, कंत्राटी माणसांचे गेट पास हे सगळं जिथून चालतं ती जागा. ताईनं तिथल्या साहेबांच्या कानावर घातलं होतं. पाठवा, ते म्हणाले, पण महिनाअखेरीच्या आत सांगा. गावाकडे आईला आणि अण्णांना हे फार पटलं होतं. "दोघी एकाच गेटातून आत, एकाच बसनं घरी," अण्णा फोनवर म्हणाले. "आमालाबी झोप लागंल."

ताईनं त्यांना हो म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळली. "टाइम ऑफिसला दोन महिन्यांसाठी आलेली एक पोरगी मला दाखव, जी तिसऱ्या महिन्याला बाहेर पडली."

"मग बोललीस कशाला त्यांच्याशी?"

"हातात एक असावं म्हणून. पण तू दुसरं हुडक."

दुसरं म्हणजे काय हे मला तोवर कळलेलं होतं. पहिल्या सत्रात आमच्या सरांनी प्रत्येकाला एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला दिला होता. मला एका वाहन कंपनीचा आला. पहिले काही दिवस मी नुसती चित्रं बघत होते. मग एकदा संध्याकाळी ताईला विचारलं, तुम्ही वायरी बांधता त्या कुणासाठी? तिनं नाव सांगितलं आणि मी हातातल्या पोळीसकट उठून अहवाल घेऊन आले. त्याच कंपनीचा होता तो. त्यात लिहिलं होतं, मागच्या काही महिन्यांत एका मॉडेलची मागणी घटली. ताईनं वाकून बघितलं. "म्हणून ओव्हरटाइम बंद झाला व्हय," ती म्हणाली. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. ताईच्या हातातलं काम आणि कुणीतरी इंग्रजीत लिहिलेली ती ओळ, मधलं सगळं मला एकदम जोडलेलं दिसलं. त्यानंतर मी मिळतील ते अहवाल वाचायला लागले. कंपन्या वाचायच्या, त्यांच्याबद्दल लिहायचं, हे काम शेअर ब्रोकरच्या कचेरीत असतं असं सरांनी सांगितलं. मी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं: पिंपळे सौदागरची एक शाखा. मुलाखत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. ती हुकली तर टाइम ऑफिसला हो म्हणायचं, आणि ताई म्हणाली तसं, मग बहुतेक कायमचंच.

मुलाखतीच्या दिवशी मी उठले तेव्हा ताई शिफ्टला गेलेली होती. बूट दाराशी, टाचा जुळवून ठेवलेले. आत तिचे कंपनीचे राखाडी पायमोजे, पुढे बोटांपाशी पिवळे.

चाकणहून नाशिक फाट्याच्या बसमध्ये मी पुढे उभी होते. मार्केट यार्डाच्या बाजूनं कांद्याचे ट्रक निघत होते, बस अडत अडत चालली होती. कंडक्टरनं तिकीट फाडताना माझ्या पायाकडे बघितलं.

"मॅडम, उलट्या बसमध्ये बसलाय. कंपन्या मागं राहिल्या."

"मुलाखतीला चाललेय," मी म्हटलं.

"मग बरोबर. पाय आपटला तर नोकरी दिलीच पाहिजे त्यांनी."

आजूबाजूचे हसले, मीही हसले. पण बूट दिसतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. पुढचा सगळा रस्ता मी पँट खाली ओढत होते.

ती इमारत मोठमोठ्या सोसायट्यांच्या मधे होती. खाली मिठाईचं दुकान आणि मुलांचे दात नीट करणारे डॉक्टर, वर दुसऱ्या मजल्यावर ब्रोकरचं ऑफिस. जिना चढून वर आले. समोर काचेचं दार. आत ओळीनं कॉम्प्युटर, पडद्यांवर हिरवे-लाल आकडे, फरशी अशी की त्यात वरचे दिवे दिसावेत. दाराच्या फटीतून एसीची गार हवा पायांवर आली. दाराबाहेर भिंतीशी एक चपलांचा जोड काढून ठेवलेला होता.

मी खाली बसले, नाड्या सोडल्या आणि बूट काढले.

मी त्यावर क्षणभरही विचार केला नाही. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर रूम होती. शाळेत एसी फक्त तिथे, पडदे फक्त तिथे, आणि दाराला कुलूपही तिथेच. आठवड्यातून एकदा आमची रांग तिथे जायची. बाहेर चपला काढायच्या, त्याही नीट ओळीत, नाहीतर सर ओळीतून बाहेर काढायचे. धूळ गेली तर मशीन बंद पडतं, सर सांगायचे. आत सगळे दबक्या आवाजात बोलायचे. कीबोर्डवर प्लास्टिकचं आवरण असायचं, ते सर स्वतः काढायचे. पुढे गावातल्या कॉम्प्युटर क्लासलाही तीच पद्धत. माझ्या पायांना शिकवण मिळाली होती ती ही: गार हवा आणि ओळीनं कॉम्प्युटर दिसले की चपला बाहेर. आकुर्डीच्या कॉलेजातली लॅब वेगळी होती, तिथे सगळे बुटांनिशी जायचे आणि मीही जायचे. पण तिथे मी घोळक्यात असायचे. या दाराशी मी एकटी होते, घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाचे पाय जुन्याच वाटेनं जातात.

खरं सांगायचं तर बरंही वाटलं. कंडक्टरच्या बोलण्यानंतर ते बूट पायात नकोसेच झाले होते. मी ते टाचा भिंतीला लावून ठेवले आणि आत गेले.

बाकावर आणखी एक मुलगी बसली होती, माझ्याचसारखी मुलाखतीला आलेली. तिनं सरकून जागा दिली. मी फाइल मांडीवर घेतली, पाठ केलेलं आठवायला लागले. मग तिनं पायावर पाय टाकला आणि तिचे काळे उंच टाचांचे बूट माझ्या नजरेसमोर आले. मी पलीकडे बघितलं. कॉम्प्युटरपुढच्या माणसाच्या पायात बूट. पाणी प्यायला उठलेल्या बाईंच्या पायात सँडल. सगळ्यांच्या पायात काही ना काही. त्या चकचकीत फरशीवर दोन पिवळी टोकं होती ती फक्त माझी.

त्या मुलीनंही पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "घालून येतेस का? मी सांगते त्यांना."

मी उठणार तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

मुलाखतीच्या खोलीतलं टेबल काचेचं होतं. इतक्या वर्षांत मी काचेचं टेबल कधी मनावर घेतलं नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि पाय जेवढे मागे घेता येतील तेवढे घेतले. समोर शाखाप्रमुख मॅडम होत्या, केस आखूड, चष्मा डोक्यावर चढवलेला. शेजारी रिसर्चचे सर, माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे. सुरुवात इंग्रजीत झाली. स्वतःबद्दल सांगा, हे मी पाठ केलं होतं, ते धडाधड म्हणून टाकलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"छान पाठ झालंय. आता मराठीत सांग. शेअर ब्रोकरकडे कशाला यायचंय तुला?"

मी ताईची आणि त्या अहवालाची गोष्ट सांगितली. सर पुढे सरकले.

"अहवाल हातात आला की पहिलं काय बघतेस?"

"कामगार कायम किती आणि कंत्राटी किती, ते."

"नफा नाही?"

"तो नंतर. कंत्राटी माणसं अचानक वाढली असतील तर मी विचारते, का. कधी काम वाढलेलं असतं, कधी कंपनीला पुढची खात्री नसते. दोन्हीतलं काय, ते बाकीचा अहवाल वाचून ठरवते. कधी कधी चुकते."

सर काहीतरी लिहून घेत होते. मला वाटलं, जमतंय. मग मॅडम म्हणाल्या, "बरं, आता मी ग्राहक. तू मला खातं उघडायला लाव."

इथे माझी गाडी घसरली. आमच्या वर्गात असल्या सरावाला मुलं हात हलवून बोलायची, हसायची, समोरच्याला बोलूच द्यायची नाहीत. मी विचारलं, "तुम्हाला हे पैसे परत कधी लागतील?"

"माहीत नाही. तू सांग ना, मी काय करू."

"घरात कुणाला सांगितलंय का तुम्ही, पैसे गुंतवताय म्हणून?"

"ते कशाला सांगायचं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तू विकत नाहीयेस. तू माझीच मुलाखत घेतेयस."

त्या रागावल्या नव्हत्या, पण आवाजातली मघाची उत्सुकता गेली होती. सरांनी वहीचं पान उलटलं. संपलं, मी मनात म्हटलं. टाइम ऑफिसच्या साहेबांना आजच सांगावं लागणार.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि झाडू-पोछा करणाऱ्या मावशींनी डोकं आत घातलं. हातात फडकं तसंच होतं.

"मॅडम, भायेर कुनाचं तरी कंपनीचं बूट पडल्यात. सिकुरिटीवाला म्हनतोय, उचलून न्हेऊ का खाली?"

"कंपनीचे बूट? आपल्याकडे कुणाचे?" मॅडम म्हणाल्या.

मी गप्प बसले असते तर बूट गेले असते. ते ताईचे होते. "माझे आहेत," मी म्हटलं.

मॅडमनी टेबलाच्या काचेतून खाली बघितलं. सरांनी बघितलं. मावशींनीही दारातून वाकून बघून घेतलं. पाय मागे घेण्यात आता काही अर्थ नव्हता. मी ते सरळ समोर ठेवले.

"का काढलेस?" मॅडमनी विचारलं.

मी शाळेतली खोली सांगितली. गार हवा, पडदे, सरांचं धुळीचं. सर हसायला लागले आणि तोंडावर हात ठेवून थांबले. मॅडम हसल्या नाहीत. त्या दाराकडे बघत होत्या.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मधून मधून कंपनीच्या युनिफॉर्ममधली माणसं येतात. दारापर्यंत येतात, काचेतून आत बघतात, खाली बघतात आणि निघून जातात. कुणी आत येऊन विचारतसुद्धा नाही. आम्हाला वाटायचं, डेंटिस्टकडे आलेले असतील, मजला चुकले असतील. तुला काय वाटतं?"

"मला नक्की सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण आत सगळे बुटांत दिसतात आणि बाहेर काढून ठेवलेल्या चपला दिसतात. काढायच्या की नाही ते कळत नाही. कुणाला विचारायचं तर आधी आत यावं लागतं. दिवसभर पायात असलेले बूट काढले तर पायमोज्यांना वास येणार. आणि नाही काढले तर फरशीवर ठसे. माझे वडील या दाराशी आले असते तर परत गेले असते."

मग मॅडमनी माझी फाइल मिटून परत दिली. "ठीक आहे. दोन दिवसांत कळवू. बूट घाल आता."

बाहेर मावशींनी बूट भिंतीपासून उचलून पेपरवर ठेवले होते. मी नाड्या बांधत असताना त्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या तिथल्याच, सोसायट्या उभ्या राहायच्या आधीपासूनच्या गावातल्या.

"माझ्या चपला बगून काडलंस व्हय गं?"

"हो."

"अगं, मी पोछा मारताना काडते. न्हाईतर माझंच ठसं उठत्यात आन् मलाच पुसाय लागत्यात. तू कशापायी काडलंस?" त्यांनी फडकं पिळलं. "पर बूट झ्याक हायत. आमच्या मालकांचं असलंच व्हतं. धा वर्सं फाटलं न्हाईत."

बसमध्ये बसले तेव्हा ताईला फोन करावासा वाटला, पण शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये असतात. म्हणून खोलीवर न जाता मी कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. पहिल्या शिफ्टची बस आली. ताई आणि तिच्या लाइनवरच्या बायका उतरल्या. मुलाखतीचं सगळ्यांना माहीत होतं.

"काय मॅडम, घेतलं का शेअर बाजारानं?" एकीनं विचारलं.

"आता आमाला पहिली टिप, बरं का. दुसऱ्या कुणाला आधी सांगायचं नाही," दुसरी म्हणाली.

मी सगळं सांगितलं. मावशींनी दारातून डोकं घातलं तिथे आले, तेव्हा एकजण हसून हसून बसथांब्याच्या पायरीवर बसली. "आपल्या लाइनवरून गेलेला माल शेवटी तपासणीत पकडला," ती म्हणाली. ताई तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "मोजे कुठले घातलेलेस?"

"तू ठेवलेले."

"टाचेला विरलेले?"

"टाच मागे होती. दिसली नसेल."

"काचेचं टेबल म्हणलीस ना," ताई म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली.

पण खोलीवर गेल्यावर ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मी म्हटलं, "टाइम ऑफिसच्या साहेबांना उद्या हो सांग." तिनं मान वर केली नाही. "दोन दिवस म्हणलेत ना त्या? मग दोन दिवस कुणाला काही सांगायचं नाही."

"साहेबांनी दुसरं कुणी घेतलं तर?"

"घेऊ दे. मी त्या गेटातून कितीदा आत गेले ते मला माहीत हाय. तू यायचं नाहीस म्हणत नाही मी. पण दुसरं दार बंद झालंय हे कळल्याशिवाय यायचं नाहीस."

ताई माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. तिनं माझ्यासाठी काय काय मागे ठेवलं होतं ते आम्ही दोघींनी कधीच बोलून दाखवलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. मी मेथी घेऊन तिच्या शेजारी बसले.

ईमेल दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला, मी आकुर्डी स्टेशनबाहेर रांगेत वडापाव घेत होते तेव्हा. मी तो उभ्यानंच वाचला आणि मग बाजूला होऊन पुन्हा वाचला. निवड झाली होती. पण रिसर्चसाठी नाही. दोन्ही महिने दर्शनी टेबलावर, नवीन ग्राहकांशी बोलायला. आठवड्यातला एक दिवस रिसर्चच्या सरांबरोबर, आणि शेवटी एका कंपनीवर अहवाल लिहायचा. खाली मॅडमनी स्वतः एक ओळ मराठीत लिहिली होती: विकायचं शिकवू, विचारायचं तुला येतंच.

मला आधी थोडं वाईट वाटलं, हे लपवत नाही. मला कंपन्या वाचायच्या होत्या आणि मला दाराशी बसवलं होतं. ताई शिफ्टवरून आली तेव्हा मी तिला तसंच सांगितलं. तिनं फोन हातात घेऊन ईमेल स्वतः वाचला, सावकाश, इंग्रजीतला भागसुद्धा.

"मी पहिले सहा महिने नुसते डबे उचलायची," ती म्हणाली. "वायरीला हात लावू देत नव्हते. हितं तर आठवड्याला एक दिवस दिलाय."

तिनं टाइम ऑफिसच्या साहेबांना दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. अण्णांना फोन मी केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिथली मानसं कशी हायेत?"

"चांगली आहेत. माझे बूट सांभाळून ठेवले," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही, पण ते बरं म्हणाले.

मे महिन्यात मी रुजू झाले. पायात तेच बूट होते, कारण दुसरे घ्यायला अजून सवड नव्हती. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर काचेच्या दारावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, मोठ्या मराठी अक्षरांत छापलेला कागद होता: चपला-बूट घालूनच आत यावे. खाली जाड पायपुसणं नवीन आलेलं होतं. मावशींच्या चपला आता आतल्या कोपऱ्यात, बादलीमागे होत्या.

एवढ्यानं युनिफॉर्मवाल्यांची रांग लागली असं काही झालं नाही. काहीजण तो कागद वाचूनही परत जायचे. पण काहीजण पायपुसण्यावर बराच वेळ पाय घासायचे आणि दार ढकलायचे, आणि समोर पहिली मी असायचे. मी पाणी द्यायचे. खातं उघडायचं काम शेजारच्या सरांचं होतं, त्याआधीचं बोलणं माझं. मॅडम मला विकायचं शिकवत होत्या, आणि हळूहळू काही जमायलाही लागलं होतं. पण माझा पहिला प्रश्न मी बदलला नाही.

ताई आली तो तिच्या सुट्टीचा गुरुवार होता. चाकणला वीज बंद ठेवण्याचा वार गुरुवार, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांची सुट्टी तेव्हाच. ती येणार हे मला सांगितलेलं नव्हतं. मी काचेतून बघितलं तर ती दाराबाहेर उभी राहून कागद वाचत होती, ठेवणीतली साडी, खांद्याला पर्स. वाचून झाल्यावर तिनं वाकून सँडल काढली.

मी दार उघडलं. "ताई, लिहिलंय की."

"वाचलं मी. ते दुसऱ्यांसाठी." तिनं आत नजर टाकली. "आता पुसलेलं दिसायलंय सगळं."

मावशी बादली घेऊन तिथेच होत्या. "येऊ दे तिला तशीच," त्या मला म्हणाल्या. "पुसनाऱ्याला बरं वाटतं."

ताई माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. ती आधी कॉम्प्युटरकडे बघत राहिली, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, त्यावरच्या माझ्या फोटोकडे. मी पाणी दिलं. तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला.

"मला खातं काढायचंय," ती म्हणाली. "थोडंथोडंच टाकणार. चालतं ना?"

"चालतं." मला हसू येत होतं, पण शेजारी सर बसले होते, म्हणून मी कामाच्या आवाजात विचारलं, "हे पैसे तुम्हाला परत कधी लागतील?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिच्या लक्षात आलं की मी खरंच विचारतेय. तिनं ग्लास टेबलावर ठेवला.

"म्हणजे, कशासाठी पाहिजेत ते सांगायचं?"

"हो. तुझ्यासाठी. दुसऱ्या कुणासाठी नाही."

ताई पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. "हे मला कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "थांब जरा. विचार करू दे."

मी पेन खाली ठेवलं आणि थांबले. बाहेर कुणीतरी पायपुसण्यावर पाय घासत होतं.